जाळीमागचा टर्ब्युलन्स : हिशेबात ४.२%, मोजला तर ५.८%

जाळीदार | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. विंड टनेलवाले इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

टनेल ओपन सर्किट, पंखा मागच्या टोकाला. चाचणीकक्ष ६०० × ६०० मिमी, लांबी २.४ मी., वेग ४ ते २० मी/से. मॅन्युअलप्रमाणे रिकाम्या कक्षाची टर्ब्युलन्स तीव्रता (वेगाचे चढउतार ÷ सरासरी वेग) ०.३%. काम असं की २०० मिमी कॉर्डचा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) पंख ३ ते ४ टक्के टर्ब्युलन्समध्ये ठेवून लिफ्ट मोजायची.

कक्षाच्या तोंडाशी चौरस घरांची जाळी बसवली आहे. १५ मिमी चौरस ॲल्युमिनियमच्या भरीव दांड्या, मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी, आडव्या एका थरात आणि उभ्या दुसऱ्या. सॉलिडिटी (जाळीचा बंद भाग) १५/५०, म्हणजे ३०%. मोजणी जाळीपासून १.५ मी. अंतरावर, १० मी/से वेगाला, ५ मायक्रॉन टंगस्टनच्या एकेरी हॉट-वायरने (वाऱ्याने किती गार होते त्यावरून वेग सांगणारी तापलेली तार).

जाळीमागच्या टर्ब्युलन्सच्या रोचच्या सूत्राने ४.२% यायला हवा. येतोय ५.८%. प्रोब ७५ मिमी बाजूला नेला की ५.१%, आणि सरासरी वेग १०.६ वरून ९.४ वर उतरतो. कॅलिब्रेशन दोनदा केलं. चूक कुठे शोधू?

---

भोवरा | सोमवार, रात्री १०.०५

चूक प्रोबमध्ये नाही, भागाकारात आहे. सॉलिडिटी एका दिशेने मोजायची नसते. जाळीचं एक घर घ्या : ५० × ५० म्हणजे २५०० चौ. मिमी. त्यातली मोकळी खिडकी ३५ × ३५, म्हणजे १२२५. उघडा भाग ४९%, बंद भाग ५१%. तुमची जाळी ३० नव्हे, ५१ टक्क्यांची आहे.

पन्नाशी ओलांडली की काय होतं ते तुमच्याच आकड्यांत दिसतंय. प्रत्येक खिडकीतून निघालेला झोत सरळ पुढे जाऊन शेजाऱ्यांत मिसळायला हवा. फटी अरुंद असल्या की झोत एकमेकांकडे ओढले जातात. दोन-तीन मिळून एक जाड झोत, त्याच्या शेजारी मंद पट्टा. दांडी अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली की कोण कोणाला मिळणार ते बदलतं. १०.६ आणि ९.४ हे असे दोन शेजारी आहेत. अशा प्रवाहात मोजलेला टर्ब्युलन्स जाळीचा राहत नाही, त्या जाड झोतांच्या कडांवरच्या घर्षणाचा होतो. म्हणून तो जास्तही दिसतो आणि जागेगणिक बदलतो.

३५ ते ४० टक्क्यांच्या आत राहा. कोम्त-बेलो आणि कॉर्सिन यांच्या १९६६ च्या प्रयोगांतल्या जाळ्या ३४ टक्क्यांच्या होत्या, आणि त्या आजही मापदंड मानल्या जातात. ५० मिमी घर तेच ठेवून दांडी १० मिमी करा. खिडकी ४० × ४०, उघडा भाग ६४%, बंद ३६%.

---

पिटोबा | सोमवार, रात्री १०.४०

भोवरा यांना अनुमोदन. नवी जाळी करणारच आहात तर आकडे मांडून टाकतो.

रोच (१९८७), चौरस दांड्यांची चौरस जाळी :
तीव्रता = १.१३ × (अंतर ÷ दांडीची रुंदी)^(−५/७)
इंटिग्रल लांबी (मोठ्या भोवऱ्यांचं माप) = ०.२ × दांडीची रुंदी × √(अंतर ÷ दांडीची रुंदी)

गोल सळया असतील तर १.१३ च्या जागी ०.८०. घात तोच.

१० मिमी दांडीला :
१.० मी. वर ४.२%, भोवऱ्यांची लांबी २० मिमी
१.५ मी. वर ३.१५%, २४.५ मिमी
२.० मी. वर २.६%, २८ मिमी

सूत्रात वेग कुठेच नाही. चौरस दांडीवर प्रवाह कोपऱ्यापाशीच सुटतो, वेग कितीही असो. गोल सळईवर सुटण्याची जागा रेनॉल्ड्स अंकाप्रमाणे (हवेचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) सरकते, शिवाय पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत यानेही फरक पडतो. वेग बदलत मोजायचं असेल तर चौरसच बरी. मात्र कोपरे धारदार हवेत. कानशीने गोल केलेल्या कोपऱ्यांची दांडी ना इकडची ना तिकडची.

भिंतीचं विसरू नका. पहिल्या दांडीचा मध्य भिंतीपासून २५ मिमी, मग ५०-५० मिमी अंतराने बारा दांड्या, शेवटचा मध्य पुन्हा भिंतीपासून २५ वर. भिंत आरशासारखी धरली तर जाळी पलीकडे तशीच चालू राहते. दांडी भिंतीला चिकटवून सुरुवात केली की कडेच्या खिडक्यांचं माप बिघडतं आणि कडेने वेगळ्या वेगाचा पट्टा जातो.

जागेबद्दल : घराच्या मापाच्या २० पट अंतराच्या आत, म्हणजे तुमच्याकडे १ मी. च्या आत, मॉडेल नको. तिथवर दांड्यांच्या सावल्या सरासरी वेगात दिसत राहतात. ३० पट म्हणजे १.५ मी., ती जागा उत्तम.

जोर : दाबातली घट गतिज दाबाच्या (½ × घनता × वेगाचा वर्ग) साधारण १ ते १.५ पट धरा. १५ मी/से ला गतिज दाब १३५ पास्कल, क्षेत्रफळ ०.३६ चौ. मी., म्हणजे जाळीवर ५० ते ७५ न्यूटन. चौकट कक्षाच्या फ्लँजमध्ये आवळा, नुसती खाचेत उभी करू नका. पंख्याचे फेरेही वाढवावे लागतील, कारण त्याच फेऱ्यांना वेग कमी मिळेल.

---

तप्त तार | मंगळवार, सकाळी ७.३०

जाळीचं ठरलं, आता मोजण्याचं बघू. ५.८ पैकी किती खरे हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तुमच्या प्रवाहाची मापं आधी काढून ठेवा. १० मी/से, ३.१५% म्हणजे चढउतार ०.३१५ मी/से. जाळीमागे ऱ्हासाच्या दरावरून ऊर्जेचा क्षय १.४ मी²/से³ येतो. त्यावरून टेलर लांबी (मधल्या भोवऱ्यांचं माप) ४ मिमी, तिच्यावरचा रेनॉल्ड्स अंक ८३ च्या आसपास, आणि कोल्मोगोरोव्ह लांबी (सर्वांत बारीक भोवऱ्यांचं माप) ०.२२ मिमी. सर्वांत बारीक भोवरे तारेवरून जातात तेव्हा वारंवारता सुमारे ७ किलोहर्ट्झ. नेहमीची तार १.२५ मिमी लांब असते, म्हणजे बारीक भोवऱ्यांच्या जवळजवळ सहापट. तीव्रता आणि इंटिग्रल लांबीला ती चालते. क्षय थेट वेगाच्या उतारावरून काढायला गेलात तर उत्तर कमी येईल, कारण बारीक भोवरे तारेच्या लांबीवर सरासरीत बुडतात.

आता क्रम.

प्रोबच्या जागी शॉर्टिंग प्रोब (तारेऐवजी सरळ जोडणी असलेला) लावून केबलचा रोध मोजा आणि वजा करा. तार थंड असताना ३.५ ओहम असेल तर ओव्हरहीट (रोधातली वाढ ÷ थंड रोध) ०.८ साठी चालू रोध ६.३ ओहम. टंगस्टनचा तापमान-गुणांक अंशाला ०.३६%, म्हणजे तार हवेपेक्षा सुमारे २२० अंशांनी गरम. केबल वजा करायची राहिली तर हा सगळा हिशेब गंडतो, आणि तो चुकलाय हे कुठे दिसतही नाही.

स्क्वेअर वेव्ह चाचणी (ब्रिजला, म्हणजे तार गरम ठेवणाऱ्या सर्किटला, विजेचा पल्स देऊन प्रतिसाद बघणं) मोजणीच्या सर्वांत जास्त वेगाला घ्या, बंद टनेलमध्ये नको. पल्स शिखराच्या ३ टक्क्यांवर उतरायला लागलेला वेळ घ्या, १.३ ने गुणा, उलटा करा. २० मायक्रोसेकंद आले तर सुमारे ३८ किलोहर्ट्झ. पुरेसं आहे. पल्सनंतर आलेख तीनचारदा हेलकावे खात असेल तर ब्रिज अस्थिर आहे. गेन कमी करा किंवा केबलची लांबी उपकरणाला सांगितली तेवढीच आहे का बघा.

कॅलिब्रेशन जाळी काढून, पिटो नळीशेजारी (दाबावरून वेग सांगणारी नळी). हे ठळक लिहायचं कारण, जाळीमागे कॅलिब्रेट केल्यावर पिटो आणि तार वेगवेगळ्या पट्ट्यांत असू शकतात. पंधरा ते वीस बिंदू, कमी वेगाला दाट. ३ टक्क्यांच्या प्रवाहात १० मी/से ची तार जेमतेम ८.७ ते ११.३ पाहते, तरी ५ ते १६ पर्यंत वक्र काढा. खाली फार उतरू नका : २ मी/से ला गतिज दाब फक्त २.४ पास्कल असतो, मॅनोमीटर तिथे अंदाजच सांगतो. किंगचं समीकरण (व्होल्टेजचा वर्ग = स्थिरांक + दुसरा स्थिरांक × वेगाचा ०.४५ वा घात) किंवा चौथ्या घाताची बहुपदी, दोन्ही चालतात. बहुपदी टोकांच्या बाहेर वापरायची नाही.

तापमान. इथेच सगळ्यात जास्त मार बसतो. हवा १ अंशाने तापली की वेग सुमारे २ टक्क्यांनी कमी दिसतो. ओपन सर्किट टनेल खोलीचीच हवा ओढतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊला ३० आणि दुपारी तीनला ३७ अंश असेल तर सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी १४ टक्क्यांनी खोटं. प्रत्येक नोंदीसोबत हवेचं तापमान घ्या आणि व्होल्टेज √[(तारेचं तापमान − कॅलिब्रेशनचं तापमान) ÷ (तारेचं तापमान − आत्ताचं तापमान)] ने गुणा. पाचसात अंशांपर्यंत हे निभावतं. त्यापुढे नवीन कॅलिब्रेशन.

आणि एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारं कार्ड) किती बिटांचा आहे? नुसता ±१० व्होल्टला जोडलाय की गेन देऊन?

---

जाळीदार | मंगळवार, दुपारी १.१५

भागाकार बघून डोक्याला हात लावला. १० मिमी दांड्या कापायला टाकल्या.

एडीसी १२ बिट, ±१० व्होल्ट, गेन नाही.

---

तप्त तार | मंगळवार, दुपारी १.५०

मग हेही बघा. ±१० व्होल्टचे ४०९६ तुकडे, एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. ब्रिजचं व्होल्टेज १.८ च्या आसपास असेल तर १० मी/से ला संवेदनशीलता साधारण २० मिलिव्होल्ट प्रति मी/से. चढउतार ०.३१५, म्हणजे सुमारे ६ मिलिव्होल्ट. तुमचा अख्खा टर्ब्युलन्स सव्वा पायरीत मावतोय! १६ बिट घेतला तर पायरी ०.३ मिलिव्होल्टची, एकवीस पायऱ्या मिळतात. तीव्रतेला चालतं, स्पेक्ट्रमचं (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा याचा आलेख) शेपूट तरी गोंगाटात बुडतं. १.५ व्होल्ट ऑफसेट वजा करून दहापट गेन द्या. ऑफसेट-गेन नोंदवून ठेवा आणि कॅलिब्रेशनही त्याच साखळीतून घ्या.

लो-पास फिल्टर १० किलोहर्ट्झ, नमुने सेकंदाला २५ हजार. फिल्टर ॲनालॉग हवा आणि एडीसीच्या आधी हवा. पंख्याच्या व्हीएफडीचं (मोटरचे फेरे बदलणारा ड्राइव्ह) स्विचिंग बहुधा २ ते १६ किलोहर्ट्झमध्ये असतं. एकदा ते नमुन्यांत दुमडून खाली आलं की कोणताही सॉफ्टवेअर फिल्टर ते काढू शकत नाही. केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

किती वेळ मोजायचं? इंटिग्रल काळ = २४.५ मिमी ÷ १० मी/से = २.४५ मिलिसेकंद. दोन स्वतंत्र नमुन्यांत याच्या दुप्पट अंतर लागतं. तीव्रता १ टक्क्याच्या अचूकतेने हवी तर ५००० स्वतंत्र नमुने, म्हणजे २४.५ सेकंद. सरळ ६० सेकंद घ्या. सेकंदाला लाखभर नमुने घेऊन दोन सेकंदांत उरकणारे भेटतात. त्यांच्याकडे नमुने दोन लाख असतात, पण त्यातले स्वतंत्र जेमतेम चारशे.

---

मंदझुळूक | मंगळवार, सायं. ६.२०

वाचतेय. एक शंका : व्होल्टेजची सरासरी आणि चढउतार काढून मग वेगात बदललं तर चालेल का? पटकन होतं.

---

तप्त तार | मंगळवार, सायं. ६.४५

३ टक्क्यांना फरक जाणवणार नाही. २० टक्क्यांना नक्की जाणवेल, कारण वक्र सरळ नाही. सवयच अशी लावा की प्रत्येक नमुना आधी वेगात, मग सरासरी.

---

जाळीदार | रविवार, सायं. ५.३०

नवी जाळी बसली, १६ बिटचं कार्ड मिळालं, गेन १०, सकाळ-संध्याकाळ कॅलिब्रेशन. सरासरी वेग मधल्या ४०० × ४०० मिमी भागात ±१ टक्क्याच्या आत. झोत-बित गायब.

१.५ मी. वर, १० मी/से ला : ३.७%. अपेक्षा ३.१५. स्पेक्ट्रममध्ये दोन गोष्टी खटकतात. एक, २ हर्ट्झच्या खाली आलेख वर उचलला आहे. दोन, १४६ हर्ट्झवर टोकदार काटा. वेग ९ केला तरी काटा १४६ लाच, ७ ला गायब.

---

भोवरा | रविवार, सायं. ६.१०

आधी काटा. वेगाबरोबर सरकला असता तर तो नुसत्या भोवऱ्यांचा. एका जागी खिळून राहतो आणि ठरावीक वेगपट्ट्यातच दिसतो, म्हणजे काहीतरी कंप पावतंय आणि भोवरे त्याच्या तालात सुटताहेत. व्हीएफडी किंवा ५० हर्ट्झचं लफडं नाही याची खात्री करायची तर पंखा चालू ठेवून प्रोबवर कागदाची टोपी घाला. काटा उरला तर विजेचा, गेला तर हवेचा.

संशयित मात्र समोरच आहे. १० मिमी चौरस भरीव ॲल्युमिनियम, ६०० मिमी लांब, दोन्ही टोकं आवळलेली : पहिली नैसर्गिक वारंवारता १४५ हर्ट्झ. सुट्या चौरस दांडीमागे भोवरे ०.१३ × वेग ÷ रुंदी या वारंवारतेने सुटतात, १० मी/से ला १३० हर्ट्झ. जाळीत फटींतला वेग जास्त असल्याने ती थोडी वर सरकते. दोन्ही गाठी जुळल्या.

दोन थर एकमेकांना जोडलेत का? की दांड्या फक्त चौकटीत धरल्या आहेत?

---

जाळीदार | रविवार, सायं. ६.२५

फक्त चौकटीत. छेदांवर नुसत्या टेकल्या आहेत.

---

भोवरा | रविवार, सायं. ६.४०

तेच. भोवऱ्यांचा धक्का दांडीला प्रवाहाच्या आडवा बसतो, म्हणजे आडवी दांडी वर-खाली थरथरते. छेदावर ती उभ्या दांडीला घट्ट बांधली तर वर-खाली जायला तिला उभी दांडी लांबीच्या दिशेने ओढावी लागेल, आणि त्या दिशेला ॲल्युमिनियम हलत नाही. ६०० मिमीची दांडी मग ५०-५० मिमीच्या तुकड्यांसारखी वागते. १४४ छेद आहेत. एम३ काउंटरसंक स्क्रू उत्तम. कंटाळा आला तर पॉलिश पेपर मारून दोन भागांचं इपॉक्सी, चोवीस तास वाळवून. डोकं वर आलेला स्क्रू नको, तोच नवा अडथळा होतो.

अवांतर : ३ मिमी पत्रा लेझरने कापून एकसंध जाळी करायचा मोह सगळ्यांना होतो. छेदांचा प्रश्न मिटतो, पण पत्रा डफासारखा पुढे-मागे वाजतो.

---

पिटोबा | रविवार, रात्री ८.००

आता २ हर्ट्झखालचा भाग. १० मी/से ला २ हर्ट्झ म्हणजे ५ मीटर लांबीची लाट. ६०० मिमीच्या कक्षात ५० मिमीच्या जाळीने एवढी लाट उठवलेली नाही. अख्खा प्रवाहच मागे-पुढे होतोय. जाळी काढा, बाकी सगळं तसंच ठेवून रिकामा टनेल मोजा. एसी कपलिंग (संथ चढउतार गाळून टाकणारी जोडणी) बंद ठेवा.

---

जाळीदार | सोमवार, रात्री ८.४५

रिकामा टनेल १.७%! त्यातले बहुतेक सगळे २ हर्ट्झखाली. मॅन्युअलमधला ०.३ एसी कपलिंग लावून मोजलेला दिसतोय.

---

पिटोबा | सोमवार, रात्री ९.१०

जमलं. ३.७ चा वर्ग वजा १.७ चा वर्ग, वर्गमूळ ३.३%. सूत्राच्या ३.१५ शी पाच टक्क्यांनी जुळतं, अशा सूत्रांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. वजाबाकी वर्गांची हं, ३.७ मधून १.७ सरळ काढून २ करू नका.

हाय-पास फिल्टर (कमी वारंवारता गाळणारा) लावून हे आकड्यातून घालवता येतं, पण किती हर्ट्झला लावायचा ते आधी मोजा. जाळीच्या टर्ब्युलन्सचा स्पेक्ट्रम कमी वारंवारतेला सपाट असतो, उंची ४ × चढउताराचा वर्ग × इंटिग्रल काळ. २ हर्ट्झपर्यंत कापलं तर ४ × ०.००२४५ × २, जेमतेम २% ऊर्जा जाते. तीव्रतेत १% घट. चालेल. कोणी ४० हर्ट्झला लावला तर थेट तिसरा हिस्सा कापला जाईल, आणि भोवऱ्यांची लांबीही लहान दिसेल.

पण आकड्यातून घालवलं तरी पंखावरची हवा मागे-पुढे होतच राहणार, आणि लिफ्टचा बॅलन्स ते टिपणार. मूळ शोधा. ओपन सर्किटला नेहमीचे गुन्हेगार : पंख्यातून बाहेर पडलेली हवा खोलीत वळून तोंडाकडे येते आणि डावी-उजवी बदलत राहते, तोंडासमोर दार किंवा खिडकी असते, नाहीतर डिफ्यूझरमध्ये (कक्षामागचा रुंदावत जाणारा भाग) प्रवाह सुटून पुन्हा चिकटत असतो. दोरे चिकटवून डिफ्यूझर बघा. दोरे उलटे फिरत नसतील तर खोलीचं बघा. बाहेर पडणाऱ्या झोतासमोर मोठा जाळीदार पडदा आणि दार बंद, एवढ्यानेही फरक पडतो.

---

खाराभन्नाट | सोमवार, रात्री १०.३०

धागा भरकटवतोय, क्षमस्व. इमारतींच्या मॉडेलला ३% काय कामाचे? आम्हाला जमिनीलगत १५-२०% लागतात, वर कमी होत जाणारे, आणि वेगाचा उंचीप्रमाणे उतारही. चार पट जाड दांड्या लावू का?

---

भोवरा | सोमवार, रात्री ११.००

नको. जाळी सगळीकडे सारखा टर्ब्युलन्स देते, उंचीप्रमाणे बदलणारा नाही. तुम्हाला स्पायर (उभे निमुळते सुळके) आणि जमिनीवर ठोकळे हवेत. काउनिहनने १९६९ मध्ये लंबवर्तुळी पाचरी वापरल्या. आज बहुतेक जण आयर्विनच्या १९८१ च्या पद्धतीने साधे त्रिकोणी स्पायर कापतात.

उदाहरण : टनेलची उंची १.५ मी., जमिनीलगतच्या मंद वाऱ्याचा थर १ मी. जाडीचा पाहिजे, वेगाच्या उताराचा घातांक ०.२. स्पायरची उंची = १.३९ × थर ÷ (१ + घातांकाचा अर्धा) = १.२६ मी. दोन स्पायरच्या मध्यांत उंचीच्या निम्मं अंतर, ६३ सेमी. तळाची रुंदी त्याच्या सूत्राने १६८ मिमी. मॉडेल स्पायरच्या उंचीच्या सहापट मागे, ७.६ मी. वर. या मधल्या पट्ट्यात ठोकळे नाही मांडले तर खालच्या भागाचा टर्ब्युलन्स वाटेतच मरतो. भारतात आयएस ८७५ भाग ३ (२०१५), म्हणजे वाऱ्याच्या भाराच्या मानकाच्या, भूभाग-वर्गाशी तुलना करणार असाल तर वेगाचा उतार, तीव्रतेचा उतार आणि लांबी ही तिन्ही जुळवावी लागतात. पहिली दोन जुळतात. लांबी हटकून लहान पडते, कारण टनेलच लहान असतो.

आणि २० टक्क्यांना एकेरी तार वापरू नका. आडवा वेग तिला सरळ वेग म्हणून दिसतो, आणि उलटा वारा तर तिला कळतच नाही. चार छिद्रांचा कोब्रा प्रोब घ्या, ४५ अंशांच्या शंकूत चालतो. शंकूबाहेर पडलेल्या नमुन्यांची टक्केवारी रोज बघा.

---

मंदझुळूक | मंगळवार, सकाळी ९.४०

हालत्या जाळ्या ऐकल्या आहेत, मोटरवर फिरणाऱ्या झडपांच्या. जाळीदार यांना त्या बऱ्या पडतील का?

---

तप्त तार | मंगळवार, सकाळी १०.१५

माकिता, १९९१. प्रत्येक दांडीवर झडपा, दांडीला स्वतंत्र मोटर, वेग आणि दिशा यदृच्छेने बदलती. १९९६ मध्ये मिडलार्स्की आणि वॉरहाफ्ट यांनी लहान टनेलमध्येच टेलर लांबीवरचा रेनॉल्ड्स अंक ४७३ पर्यंत नेला. इथे तो ८३ आहे, त्यावरून झेप कळेल. पण बारा आणि बारा चोवीस मोटरी, त्यांचे ड्रायव्हर, आणि सगळ्या झडपा एकाच वेळी बंद होऊन टनेल तुंबू नये याची तजवीज. ३ टक्क्यांसाठी हा हत्ती कशाला पोसायचा?

---

जाळीदार | शनिवार, दुपारी ४.००

१४४ स्क्रू मारून झाले. १४६ चा काटा गेला. बाहेरच्या झोतासमोर पडदा, दार बंद : रिकामा टनेल ०.५%. जाळीसह १.५ मी. वर ३.३%, आता काहीही वजा न करता. स्पेक्ट्रम व्हॉन कारमानच्या (टर्ब्युलन्सच्या स्पेक्ट्रमच्या प्रमाण) वक्रावर बसतो, वारंवारता × ऊर्जेचं शिखर ६० हर्ट्झजवळ, लांबी २५ मिमी. एक्स-वायरने (दोन तिरक्या तारांचा प्रोब) आडवे चढउतार मोजले, सरळ ÷ आडवे = १.१५.

हे १.१५ जायला हवं का?

---

भोवरा | शनिवार, सायं. ५.१०

साध्या जाळीमागे ते १.१ ते १.२ असतंच. कोम्त-बेलो आणि कॉर्सिन यांनी जाळीनंतर १.२७ : १ चं छोटं आकुंचन बसवून ते एकावर आणलं. सरळ चढउतार आकुंचनात दबतात, आडवे फुगतात. तुमच्या पंखासाठी गरज नाही, फक्त आकडा लिहून ठेवा. एक्स-वायरला कोनाचं कॅलिब्रेशन −३० ते +३० अंश केलं होतं ना?

---

जाळीदार | शनिवार, सायं. ५.२०

हो, पाच-पाच अंशांनी.

---

पिटोबा | शनिवार, सायं. ६.००

पंख बसवताना लीडिंग एज (पुढची कड) १.५ मी. वर ठेवा आणि तीव्रता तिथलीच सांगा. सूत्राने ट्रेलिंग एजपर्यंत (मागची कड), १.७ मी. वर, ती ३.१५ ची २.९ होते. 'पंखावर ३%' एवढंच लिहिलंत तर कोणत्या टोकाला हा प्रश्न येणारच. मोजणी रिकाम्या कक्षातली, पंख नसताना, त्याच जागेवरची. तीव्रतेशेजारी लांबी २५ मिमी, कॉर्डचा आठवा हिस्सा. त्याच ३ टक्क्यांची लांबी १०० मिमी असती तर पंख वेगळा वागला असता.

आणि प्रोब काढण्याआधी शेवटचं कॅलिब्रेशन घ्या. धूळ बसलेली तार वेग कमी दाखवायला लागते. सकाळच्या वक्रापासून १ टक्क्याहून जास्त सरकली असेल तर वीज बंद करून प्रोब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलकेच बुडवा, वाळू द्या, पुन्हा कॅलिब्रेट करा. त्या दिवसाच्या नोंदी मात्र टाकून द्याव्या लागतील.